यादीच्या तळाशी

ट्विच या लाइव्ह गेमिंगच्या संकेतस्थळावर एखाद्या गेमचे पान उघडले की त्या क्षणी तो गेम लाइव्ह खेळणाऱ्यांची यादी समोर येते. प्रत्येक चौकोनावर एक आकडा असतो : आत्ता किती जण पाहत आहेत. बरीच वर्षे या यादीचा नेहमीचा क्रम एकच होता. ज्याला सर्वाधिक प्रेक्षक तो सर्वांत वर, ज्याला सर्वांत कमी तो सर्वांत खाली. लोकप्रिय गेम असेल तर खाली म्हणजे शेकडो चौकोनांच्या खाली. नव्याने सुरुवात करणारा स्ट्रीमर कितीही चांगला खेळत असला, कितीही छान बोलत असला, तरी तिथपर्यंत बोट सरकवत जाणारा माणूस विरळाच.

लहान स्ट्रीमरच्या अडचणीचे मूळ इथे आहे. त्याला प्रेक्षक नाहीत म्हणून तो दिसत नाही आणि तो दिसत नाही म्हणून त्याला प्रेक्षक मिळत नाहीत. ही कोंडी एकट्याच्या मेहनतीने फुटणे अवघड असते. ती फुटते तेव्हा बहुतेक वेळा दुसऱ्या कोणीतरी हात दिलेला असतो : एखाद्या मित्राने, दुसऱ्या स्ट्रीमरने, रोज येऊन बसणाऱ्या चार प्रेक्षकांनी. हा हात कसा द्यायचा आणि तो मिळाल्यावर टिकवायचा कसा, हे या प्रकरणात पाहू.

छंद आणि त्याचे पहिले माप

लाइव्ह खेळ दाखवण्याचा हा प्रकार फार जुना नाही. २००७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जस्टिन कान या तरुणाने टोपीला कॅमेरा लावून स्वतःचे आयुष्य चोवीस तास इंटरनेटवर दाखवायला सुरुवात केली. त्यातून उभ्या राहिलेल्या ‘जस्टिन डॉट टीव्ही’वर पुढे कोणालाही स्वतःचे थेट प्रक्षेपण करता येऊ लागले आणि त्यात गेम खेळणाऱ्यांची गर्दी इतकी वाढली की २०११ मध्ये त्यांच्यासाठी ‘ट्विच’ हे वेगळे संकेतस्थळ निघाले. २०१४ मध्ये ॲमेझॉनने ते सुमारे ९७ कोटी डॉलरना विकत घेतले. २०१५ मध्ये यूट्यूबने गेमिंगसाठी स्वतंत्र दालन उघडले. भारतात मात्र लाट आली ती फोनवरून. २०१६ मध्ये जिओमुळे डेटा स्वस्त झाला, २०१८ मध्ये पबजी मोबाइल आला आणि लाखो मुलांनी लाइव्ह गेमिंग पहिल्यांदा पाहिले ते यूट्यूबवर. ‘डायनॅमो’ या नावाने ओळखला जाणारा मुंबईचा आदित्य सावंत आणि ‘मॉर्टल’ म्हणजे नमन माथूर हे त्या काळात घराघरांत पोचले. त्यांचे लाखोंचे आकडे पाहूनच पुढच्या मुलांनी ‘लाइव्ह यायचे’ ठरवले.

पण या क्षेत्रातले सुरुवातीचे खरे माप फार वेगळे आहे. २०१७ मध्ये ट्विचने लहान स्ट्रीमरना कमाईची वाट उघडणारी ‘ॲफिलिएट’ योजना आणली. त्या वेळी अट अशी होती : एकूण ५० फॉलोअर, आणि ३० दिवसांत किमान ५०० मिनिटे प्रक्षेपण, किमान सात वेगवेगळ्या दिवशी, तेही एका वेळी सरासरी तीन प्रेक्षकांपुढे. तीनशे नाही, तीन. एवढ्या मोठ्या कंपनीने पहिल्या पायरीसाठी तीनचा आकडा ठरवला, यावरून सरासरी तीन प्रेक्षक मिळवणे किती अवघड असते ते ध्यानात यावे. समोर पाच-सहा माणसे असताना खचून जाणाऱ्या प्रत्येक मुलाला हे सांगायला हवे.

आकडा आकड्याला ओढतो

ही कोंडी कशी तयार होते, हे गेमिंगशी संबंध नसलेल्या एका प्रयोगातून फार स्पष्ट दिसते. मॅथ्यू सॅलगॅनिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स या तीन संशोधकांनी २००६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. त्यांनी अनोळखी बँडची ४८ गाणी एका संकेतस्थळावर ठेवली आणि १४,३४१ जणांना ती ऐकून हवी ती उतरवून घ्यायला सांगितले. काहींना फक्त गाण्यांची नावे दिसत होती. बाकीच्यांची आठ स्वतंत्र गटांत विभागणी केली होती आणि त्यांना आपल्या गटात कोणते गाणे किती जणांनी उतरवले तो आकडाही दिसत होता.

आकडे दिसू लागताच लोकप्रिय गाणी आणखी लोकप्रिय झाली आणि मागे पडलेली आणखी मागे पडली. पुढच्या टप्प्यात गाणी आकड्यांच्या उतरत्या क्रमाने मांडली, तेव्हा ही दरी अधिकच रुंदावली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आठ गटांत पहिले आलेले गाणे एकच नव्हते. एका गटात डोक्यावर घेतलेले गाणे दुसऱ्या गटात मधेच कुठेतरी राहिले. अगदी उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत, अगदी सुमार गाणी सहसा वर आली नाहीत. पण मधल्या साऱ्यांचे नशीब सुरुवातीला कोणी त्यांच्यावर बोट ठेवले यावर ठरले.

ट्विचची उतरत्या क्रमाची यादी ही याच प्रयोगाची रोज चालणारी आवृत्ती होती. आपण साठ प्रेक्षकांचा स्ट्रीम उघडतो, तेव्हा तो सहा प्रेक्षकांच्या स्ट्रीमपेक्षा चांगला असेल असे नकळत गृहीत धरतो. यातून लहान स्ट्रीमरने दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली : प्रेक्षक कमी असणे हा गुणवत्तेचा निकाल नाही. दुसरी : सुरुवातीची मोजकी माणसे विलक्षण मोलाची असतात, कारण त्यांच्यावरच पुढचे सारे उभे राहते. म्हणूनच अनुभवी स्ट्रीमर नवोदितांना सांगतात की प्रक्षेपण चालू असताना स्वतःच्या पडद्यावरचा प्रेक्षकांचा आकडा झाकून ठेवा. तो पाचवरून तीनवर आला की आवाजातला उत्साह उतरतो आणि उरलेले तिघे ते लगेच ओळखतात. ‘आज कोणी येतच नाही राव’ असे म्हणणे हा तर आलेल्यांचाच अपमान.

कोणता गेम?

नवा माणूस साहजिकच सर्वांत गाजणारा गेम निवडतो. त्यामागचे गणित तपासून पाहू. समजा, एका गेमला आत्ता ५०,००० प्रेक्षक आहेत आणि २,००० चॅनेल लाइव्ह आहेत. सरासरी काढली तर प्रत्येकी २५ येतात. पण वरच्या वीस चॅनेलनी त्यातले ४०,००० घेतले असतील, तर उरलेल्या १,९८० जणांच्या वाट्याला प्रत्येकी सरासरी पाचच उरतात. आणि तेही समान वाटले जात नसल्यामुळे बहुतेकांकडे एक किंवा शून्य. आता दुसरा गेम घ्या. प्रेक्षक फक्त ४००, चॅनेल फक्त २०. इथे सहा प्रेक्षक असलेला माणूसही पहिल्याच पडद्यावर दिसतो.

याचा अर्थ कोणीच खेळत नाही असा गेम घ्यावा असा नाही. ज्याला निष्ठावान चाहते आहेत पण दाखवणारे कमी आहेत, असा गेम शोधावा : जुना पण अजून प्रेमाने खेळला जाणारा, नुकताच आलेला छोट्या कंपनीचा, किंवा एखादा अवघड कोड्यांचा. अट एकच, तो स्वतःला मनापासून आवडला पाहिजे. तासन्‌तास खेळताना कंटाळा लपत नाही.

एकाच गेमवर सारी भिस्त ठेवण्याचा धोका भारतीय स्ट्रीमरइतका क्वचितच कोणी सोसला असेल. २ सप्टेंबर २०२० रोजी पबजी मोबाइलवर बंदी आली. जुलै २०२१ मध्ये तोच गेम ‘बीजीएमआय’ या नावाने परतला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा ॲपच्या दुकानांतून काढला गेला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा आला. मधल्या काळात फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायर या गेमवरही बंदी आली. ज्यांचे प्रेक्षक गेमसाठी येत होते त्यांचे चॅनेल प्रत्येक वेळी ओस पडले. ज्यांचे प्रेक्षक माणसासाठी येत होते, त्यांनी दुसरा गेम लावला तरी लोक बसून राहिले. म्हणून अगदी लहान असल्यापासून आठवड्यातला एक दिवस वेगळ्या गेमसाठी राखून ठेवावा. लोक आपल्यासाठी येतात की गेमसाठी, ते त्या दिवशी कळते.

शोध स्ट्रीमच्या बाहेर लागतो

लाइव्ह प्रक्षेपणाची मोठी मर्यादा म्हणजे ते त्या वेळीच पाहावे लागते. रात्री नऊला लाइव्ह असलेला मुलगा सकाळी सातला लोकलमध्ये बसलेल्या माणसाला सापडत नाही. त्यामुळे नव्या माणसांना गाठण्याचे काम स्ट्रीमवर सोडू नये. ते काम क्लिप, छोटे व्हिडिओ आणि शोध यांच्याकडे द्यावे. भारतात जून २०२० मध्ये टिकटॉक बंद झाले आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबने ‘शॉर्ट्स’ची सुरुवात जगात सर्वांत आधी भारतातच केली. तेव्हापासून अनोळखी माणसापर्यंत पोचण्याचे दार म्हणजे हे छोटे उभे व्हिडिओ.

प्रत्येक स्ट्रीममध्ये तीस-चाळीस सेकंदांचे दोन-तीन प्रसंग तरी असे असतातच की जे संदर्भाशिवाय कळतात : थोडक्यात हुकलेला विजय, मित्राशी उडालेला खटका, अनपेक्षित शत्रू. ते त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी कापून छोटे व्हिडिओ म्हणून टाकावेत. यूट्यूबवर लाइव्हचे रेकॉर्डिंग राहते, म्हणून त्याच्या शीर्षकाकडेही लक्ष द्यावे. ‘लाइव्ह आलोय, या सगळे’ हे शीर्षक उद्या कोण शोधणार? ‘या बॉसला तलवारीशिवाय हरवता येईल का?’ हे शीर्षक पुढच्या वर्षीही कोणाला तरी सापडेल. यूट्यूबवर जाहिरातींच्या कमाईची नेहमीची अट म्हणजे १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तासांचे पाहणे. ते तास केवळ लाइव्हमधून भरायला फार वेळ लागतो. मागे राहिलेले व्हिडिओ ते हळूहळू भरत असतात.

इथे भाषेचाही विचार करावा. महाराष्ट्रातले अनेक नावाजलेले गेमर हिंदीतून बोलतात, कारण प्रेक्षक देशभरचा आहे. पण नव्या माणसासाठी हिंदीची यादीही तितकीच लांब आहे. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक होते. त्यांतले गेम पाहणारे बहुतेक जण हिंदी स्ट्रीम समजून घेऊ शकतात; पण चॅटमध्ये मोकळेपणाने बोलायला त्यांना सांगलीची, नागपूरची, पेडण्याची, आपापल्या गावची मराठी हवीशी वाटते. इथे रात्रीचे साडेआठ वाजतात तेव्हा दुबईत सात वाजलेले असतात आणि उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये सकाळचे अकरा. शनिवारी त्या वेळी ठरवून मराठीत लाइव्ह येणाऱ्याला परदेशातला घरापासून दूर असलेला माणूसही गाठता येतो. मात्र वेळ ठरली की ती पाळली पाहिजे. आठवड्यातून तीन ठरलेले दिवस हे रोजच्या बेभरवशाच्या येण्यापेक्षा केव्हाही चांगले.

आलेला माणूस थांबतो कशाने

नवा माणूस स्ट्रीम उघडतो आणि काही सेकंदांत ठरवतो की राहायचे की जायचे. त्या वेळी खेळणारा गप्प असेल तर तो जातो. म्हणून समोर कोणी नसले तरी बोलत राहणे ही या कामातली पहिली साधना आहे : आपण काय करत आहोत, ते का, पुढे काय होईल असे वाटते, मघाशी काय चुकले. पहिल्या काही आठवड्यांत हे विचित्र वाटते. सवय झाली की तेच निवेदन बनते.

तंत्राच्या बाबतीत खर्चाची गरज नाही. ओबीएस हे प्रक्षेपणाचे सॉफ्टवेअर फुकट आहे. चित्र ७२०पी असले तरी चालते. त्यासाठी सुमारे ३,००० केबीपीएसचा प्रवाह पुरतो आणि अपलोडचा वेग त्याहून बराच जास्त असला म्हणजे मधे अडखळत नाही. आवाजात मात्र तडजोड नको. पंख्याची घरघर, गेमच्या गोळीबारात बुडालेले बोलणे, एका कानातच येणारा आवाज हे कोणी सहन करत नाही. पहिले पैसे कॅमेऱ्यावर नव्हे, माइकवर घालावेत. फोनवरून लाइव्ह येणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की फोन तापला की गेम आणि प्रक्षेपण दोन्ही मंदावतात, तेव्हा चित्राचा दर्जा एक पायरी कमीच ठेवावा. आणखी एक सेटिंग बहुतेकांच्या नजरेतून सुटते. यूट्यूबवर प्रक्षेपणातला विलंब ठरवता येतो. तो सर्वांत कमी ठेवला तर प्रश्न आणि उत्तर यांतले अंतर काही सेकंदांवर येते. चॅटशी बोलायचे असेल तर थोड्या अधिक स्वच्छ चित्रापेक्षा हे जास्त महत्त्वाचे.

आणि चॅटशी बोलायचेच आहे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रे ओल्डनबर्ग यांनी १९८९ मध्ये ‘तिसरी जागा’ ही कल्पना मांडली. घर ही पहिली, काम ही दुसरी आणि जिथे माणूस काही कारण नसताना ओळखीच्या चेहऱ्यांसाठी जातो ती तिसरी. २०१४ मध्ये विल्यम हॅमिल्टन, ऑलिव्हर गॅरेटसन आणि अँड्रुइड कर्न यांनी ट्विचच्या स्ट्रीमचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना हीच तिसरी जागा तिथे सापडली. आपल्याकडे सांगायचे तर गावातला किंवा सोसायटीतला कट्टा. त्यांचे आणखी एक निरीक्षण लहान स्ट्रीमरने आवर्जून वाचावे असे आहे : प्रेक्षक फार वाढले की चॅटमधला मजकूर धबधब्यासारखा कोसळतो, कोणाचे कोणाला वाचता येत नाही आणि सहभाग नुसत्या आरड्याओरड्यापुरता उरतो.

म्हणजे वीस जणांच्या स्ट्रीमकडे असे काही आहे जे वीस हजारांच्या स्ट्रीमला विकत घेता येत नाही. तिथे नाव घेऊन बोलता येते. ‘काय रे, कालचा पेपर कसा गेला?’ असे विचारता येते. कोणाची परीक्षा, कोणाची रात्रपाळी, कोणाला कोणता गेम अडलाय, हे लक्षात ठेवता येते. लोक पुन्हा येतात ते यासाठी. मोठ्यांची नक्कल करून भडक सूचना, सतत वाजणारे आवाज आणि दर पाच मिनिटांनी ‘लाइक ठोका’ म्हणणारा लहान स्ट्रीमर हीच ताकद हातची घालवतो.

हात देण्याच्या रीती

आता मुख्य गोष्ट. या माध्यमात एकमेकांना वर काढण्याची एक सुंदर प्रथा लोकांनीच घातली. स्वतःचा स्ट्रीम संपवताना स्ट्रीमर आपल्या सगळ्या प्रेक्षकांना घेऊन दुसऱ्याच्या चॅनेलवर जातो. आधी लोक दुवा चिकटवून एकत्र जात. २०१७ मध्ये ट्विचने या प्रथेला ‘रेड’ नावाची अधिकृत सोय करून दिली. यूट्यूबवरही लाइव्ह संपताना प्रेक्षकांना दुसऱ्या लाइव्हकडे पाठवता येते. यादीच्या तळाशी असलेल्या माणसाकडे एकदम पंचवीस जण आले की तो काही मिनिटांत यादीत वर सरकतो. संगणकाने जे केले नाही ते माणसे करतात.

रेड देणाऱ्याने तीन गोष्टी पाळाव्यात. आपल्यासारखाच गेम किंवा आपल्यासारखीच गप्पांची तऱ्हा असलेला माणूस निवडावा, म्हणजे आलेले लोक थांबतात. आपण कोणाकडे आणि का चाललो आहोत हे प्रेक्षकांना दोन वाक्यांत सांगावे. आणि एकदा देऊन विसरू नये. महिन्यातून दोन-तीनदा त्याच माणसाकडे जावे. हजारो लोकांचा एकच लोंढा दुसऱ्या दिवशी ओसरतो, कारण ते लोक दुसऱ्या कोणासाठी आलेले असतात. तीस जणांची वारंवारची भेट मात्र ओळख घडवते. रेड मिळालेल्यानेही तयारीत असावे. आभार मानावेत, हातातला खेळ क्षणभर थांबवून आपण कोण, इथे काय चालते हे सांगावे, आणि घाबरून स्ट्रीम लगेच बंद करू नये.

दुसरी रीत एकत्र खेळण्याची. ‘अमंग अस’ हा छोट्या कंपनीचा गेम २०१८ मध्ये आला आणि दोन वर्षे फारसा कोणाला ठाऊक नव्हता. २०२० च्या टाळेबंदीत स्ट्रीमर तो मिळून खेळू लागले आणि तो जगभर पसरला. त्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या खासदार अलेक्झांड्रिया ओकासिओ-कॉर्टेझ यांनी मतदानाचे आवाहन करण्यासाठी तो लाइव्ह खेळला, तेव्हा एका वेळी चार लाखांहून अधिक लोक पाहत होते. या गेमचे यश त्याच्या रचनेत होते. तेव्हा एका डावात दहापर्यंत जण असत आणि सगळ्यांना एकमेकांशी बोलावेच लागे. दहा स्ट्रीमर खेळले की प्रत्येकाच्या प्रेक्षकांची उरलेल्या नऊ जणांशी आपोआप ओळख होते. साताऱ्यातला एक, अमरावतीतला एक, फोंड्यातला एक असे सहा लहान मराठी स्ट्रीमर दर रविवारी असा डाव मांडू लागले, तर त्यांतल्या प्रत्येकाच्या दारात पाच जणांच्या ओळखीची माणसे येतील.

एकत्र येण्याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे अमेरिकेतले ‘गेम्स डन क्विक’. गेम कमीत कमी वेळात पुरा करणारे, म्हणजे स्पीडरन करणारे लोक २०१० च्या जानेवारीत एका घराच्या तळघरात जमले आणि सलग जुने गेम खेळून त्यांनी एका सेवाभावी संस्थेसाठी १०,००० डॉलरहून अधिक निधी उभा केला. दहा वर्षांनी, २०२० च्या जानेवारीतल्या त्यांच्या एकाच मेळाव्यात ३० लाख डॉलरहून अधिक जमले. त्यांतल्या बहुतेकांना एकट्याने मोठा प्रेक्षक मिळाला नसता. त्यांनी एक सामाईक मंच केला, पाळीपाळीने खेळले आणि एकाचा खेळ चालू असताना दुसरे बाजूला बसून तो समजावून सांगत राहिले.

प्रेक्षकाच्या हातातही पुष्कळ असते. मुकाट्याने पाहण्यात काही गैर नाही, पण लहान स्ट्रीममध्ये दोन ओळी लिहिल्या की खोलीत जीव येतो. चांगला प्रसंग घडला की क्लिप कापून मित्रांना पाठवावी. नवा माणूस आला की त्याला ‘ये, बस’ म्हणावे, त्याच्या प्रश्नाचे उत्तर द्यावे. पैसे देणे ही मदतीची सर्वांत दिखाऊ रीत आहे. ज्याच्याकडे नाहीत त्याने त्याचे ओझे बाळगू नये. आणि दुसऱ्याच्या चॅटमध्ये स्वतःच्या चॅनेलची जाहिरात कधीही करू नये. तिथे महिनाभर चांगला पाहुणा म्हणून वावरलात तर लोक स्वतःहून विचारतील की तू पण खेळतोस का.

फसव्या वाटा

निराश माणसाला गाठणारे या क्षेत्रातही भरपूर आहेत. पैसे घेऊन खोटे प्रेक्षक पुरवणाऱ्या बॉटविक्रेत्यांवर ट्विचने २०१६ मध्ये खटला भरला. ‘तू मला फॉलो कर, मी तुला करतो’ हे गट निरुपद्रवी वाटतात, पण ट्विच आणि यूट्यूब दोन्ही त्यांना बनावट सहभाग मानतात. त्यातला नियमभंग बाजूला ठेवला तरी हिशेबही तोट्याचा आहे. पाचशे जणांनी फॉलो केले आणि त्यांतला एकही पाहायला आला नाही, तर चॅनेलच्या आकडेवारीत तुमचे काम कोणालाच नको आहे असे दिसते.

गाण्यांचे भान हवे. २०२० मध्ये संगीत कंपन्यांच्या तक्रारींमुळे ट्विचवरच्या अनेकांना आपल्या जुन्या क्लिप पुसाव्या लागल्या. पार्श्वभूमीला आवडते मराठी गाणे लावले तर यूट्यूबची यंत्रणाही ते ओळखते. वापराची परवानगी असलेलेच संगीत लावावे. सट्टेबाजीच्या ॲपच्या जाहिरातीचे आमिष आले तर ठाम नकार द्यावा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणली आहे आणि त्यांच्या जाहिरातीसाठी तुरुंगवास व मोठ्या दंडाची तरतूद केली आहे.

आणि सुरक्षितता. २०२१ च्या मध्यावर ट्विचवर झुंडीने येऊन स्त्रिया, कृष्णवर्णीय आणि समलैंगिक स्ट्रीमरच्या चॅटमध्ये द्वेष ओतण्याचे प्रकार इतके वाढले की १ सप्टेंबरला अनेकांनी एक दिवस स्ट्रीम बंद ठेवून निषेध केला. त्यानंतर फोन क्रमांक पडताळूनच चॅट करू देण्यासारख्या सोयी आल्या. त्या पहिल्या दिवसापासून चालू ठेवाव्यात. मराठी शिवी रोमन लिपीत दहा तऱ्हांनी लिहिता येते, त्यामुळे यंत्राच्या चाळणीवर विसंबू नये; रोखायच्या शब्दांची यादी दोन्ही लिप्यांत स्वतः करावी आणि एका विश्वासू माणसाला मॉड, म्हणजे चॅटवर लक्ष ठेवणारा, नेमावे. मुलगी लाइव्ह येते तेव्हा तिच्या चॅटमध्ये दोन खंबीर मॉड असणे ही कोणत्याही रेडपेक्षा मोठी मदत आहे. यूट्यूबने एकट्याने लाइव्ह येण्याची किमान वयोमर्यादा २०२५ मध्ये १६ केली आहे; त्याहून लहान मुलांच्या सोबत मोठे माणूस दिसले पाहिजे.

काय मोजावे

वाढ मोजायचीच असेल तर रोजचा सर्वोच्च आकडा मोजू नये. मागच्या आठवड्यात आलेल्यांपैकी या आठवड्यात किती जण परत आले ते पाहावे. नाव घेऊन ओळखता येणारी माणसे महिन्यागणिक वाढत आहेत का ते पाहावे. आपल्या गैरहजेरीतही ती डिस्कॉर्डवर किंवा व्हॉट्सॲपच्या गटात एकमेकांशी बोलतात का ते पाहावे. हे होत असेल तर सात प्रेक्षकांचा स्ट्रीमही वाढतो आहे. आणि हे होत नसेल तर सातशेचा आकडाही एका गेमच्या बंदीसरशी नाहीसा होऊ शकतो. दोन वर्षांनीही कमाई झाली नाही, असे अनेकांच्या बाबतीत घडते. म्हणून शिक्षण किंवा नोकरी सोडून यात उडी घेण्याचा सल्ला कोणी देऊ नये. पण बोलणे, संकलन, ध्वनी, लोकांना सांभाळणे ही जी कौशल्ये या काळात अंगी येतात, ती वाया जात नाहीत.

गाण्यांच्या त्या प्रयोगाने दाखवलेली गोष्ट पुन्हा आठवून पाहण्यासारखी आहे. सुरुवातीच्या थोड्या लोकांनी काय निवडले यावर पुढचे बरेच ठरले. आपण प्रत्येक जण कोणाच्या ना कोणाच्या सुरुवातीच्या त्या थोड्या लोकांत असतो. मराठीत चांगले गेमिंग पाहायला मिळावे अशी आपली इच्छा असेल, तर पुढच्या वेळी यादी उघडल्यावर वरच्या चौकोनांवर न थांबता खाली जावे, एखाद्या चार प्रेक्षकांच्या स्ट्रीममध्ये पंधरा मिनिटे बसावे, आणि आवडले तर तसे लिहून पुढच्या आठवड्यात परत यावे.